स्फोर्त्सा अश्व

मिलानचा ड्यूक फ्रांचेस्को स्फोर्त्सा (१४०१–६६) याच्या स्मारकासाठी योजलेला, पण कधीही ओतला न गेलेला प्रचंड ब्राँझचा अश्व. स्मारकाची कल्पना त्याचा थोरला मुलगा गालेआत्सो मारीआ याची. १४७६ मध्ये त्याचा खून झाला. पुढे धाकटा भाऊ लुदोव्हिको (१४५२–१५०८) याने हे काम लिओनार्दो दा विंचीकडे सोपविले. नक्की केव्हा, याविषयी मतभेद आहेत. लिओनार्दो १४८२ च्या सुमारास मिलानला आला आणि लुदोव्हिकोला उद्देशून लिहिलेल्या त्याच्या पत्रात या अश्वाचा उल्लेख आहे, पण पत्रावर तारीख नाही. जुलै १४८९ मध्ये फ्लॉरेन्सच्या राजदूताने मात्र कळविले, की लिओनार्दोला हे काम साधेल याची लुदोव्हिकोला खात्री नाही, एकदोन जाणकार कारागीर हवे आहेत. काम १४९० पूर्वीच सुरू झाले होते असे दिसते, कारण २३ एप्रिल १४९० रोजी ‘घोडा पुन्हा हाती घेतला’ अशी लिओनार्दोची स्वतःची नोंद आहे.

आरंभीच्या आराखड्यात घोडा मागच्या पायांवर उभारलेला होता. सगळा भार दोन पायांवर येत असल्याने पुढच्या पायांखाली पडलेला शत्रू दाखवून आधार द्यावा लागत होता. पुढे ही मुद्रा सोडून चालता घोडा ठरला. उंची १२ ब्राच्चो (लांबीचे जुने इटालियन माप), म्हणजे सुमारे ७·२ मी. (व्हेनिसमधला शिल्पकार व्हेरोक्योचा सेनानी कोल्लेओनीचा अश्वारूढ पुतळा स्वारासह सुमारे ४ मी. भरतो.) धातू २ लक्ष लिब्रा (वजनाचे जुने माप) लागेल, असे गणितज्ञ लूका पाचोली सांगतो. मिलानमध्ये लिब्रा दोन प्रकारची होती. हलकी धरल्यास वजन सुमारे ६५ टन होते, जड धरल्यास दीडशे टनांवर जाते. पोकळ ओतीव कामाला पहिला आकडाच पटतो.

ओतकामाची योजना माद्रिद येथील हस्तलिखितात सापडते (ते १९६० नंतरच्या दशकात पुन्हा उजेडात आले). नेहमीच्या मेणसाच्यात मूळ मेणाकृती वितळून जाते, ओतकाम फसले तर सगळेच गेले. म्हणून लिओनार्दोने मातीच्या प्रतिकृतीवरून तुकड्यातुकड्यांचा साचा घेण्याचे ठरविले. साच्याच्या आतून धातूच्या जाडीइतका थर द्यायचा, त्याच्या आत उष्णतारोधक गाभा भरायचा, मग थर काढून उरलेल्या पोकळीत रस ओतायचा. यामुळे जाडी आधीच मोजता येते आणि प्रतिकृतीही शाबूत राहते. रसाच्या दाबाने साचा फुटू नये म्हणून बाहेरून लोखंडी सांगाडा आणि एकाच वेळी रस सोडणाऱ्या अनेक भट्ट्या योजल्या होत्या. अडचण खड्ड्याची होती. घोडा पालथा, म्हणजे पाय वर करून ओतल्यास डोके भूजलापासून जेमतेम १ ब्राच्चोवर येत होते, आणि ओल शोषलेल्या साच्यात तापला रस पडला की वाफेने ओतीव बिघडते. म्हणून २० डिसेंबर १४९३ रोजी घोडा आडवा आणि शेपटीविना ओतावा, असे ठरले.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लुदोव्हिकोची पुतणी बिआंका मारीआ हिचा जर्मन राजा मॅक्सिमिलियनशी विवाह झाला. त्या प्रसंगाच्या, कवी ताक्कोनेच्या काव्यात दरबारात घडत असलेल्या या महाकाय अश्वाचे वर्णन आहे. मातीची प्रतिकृती नेमकी कोठे ठेवली होती, यावर एकमत नाही. विवाहातील हुंडा सुमारे ४ लक्ष डुकाट (सोन्याची नाणी) होता. हुंडा, दरबार, इमारती या साऱ्यांचा भार करांवर पडे. १४९९ मध्ये फ्रेंच फौजा चालून येत असतानाच खजिनदार आंतोनिओ लांद्रिआनी याची शहरात हत्या झाली, ती या असंतोषाच्या काळातच.

ब्राँझ मात्र आधीच गेले होते. तोफेचा धातू तोच. नोव्हेंबर १४९४ मध्ये, फ्रान्सचा राजा आठव्या चार्ल्सची इटलीवर स्वारी चालू असता, लुदोव्हिकोने जमवलेला साठा तोफांसाठी सासरा, फेर्राराचा ड्यूक एर्कोले देस्ते याच्याकडे पाठविला. ‘घोड्याविषयी काही बोलत नाही, काळ मी जाणतो’, असे लिओनार्दो नंतरच्या एका पत्राच्या मसुद्यात लिहितो.

१४९९ मध्ये फ्रेंच फौजेतील गॅस्कन (गॅस्कनी प्रांतातील) तिरंदाजांनी प्रतिकृतीवर नेम धरून तिची नासाडी केली, ही हकीकत बऱ्याच नंतर लेखक साब्बा दा कास्तील्योनेने नोंदविली. ती खरी असली, तरी सारे तेव्हाच संपले असे दिसत नाही. सप्टेंबर १५०१ मध्ये एर्कोलेने फ्रेंचांकडे घोड्याचा साचा मागितला, तो निगेअभावी दिवसेंदिवस खराब होत आहे, या कारणाने. तो त्याला मिळाला नाही. लुदोव्हिको १५०० मध्ये नोव्हारा येथे पकडला गेला व फ्रान्समधील लोश येथे कैदेत वारला.

मिलानच्या सान सिरो भागात १९९९ मध्ये बसविलेला शिल्पकार नीना अकामू हिचा घोडा ही लिओनार्दोच्या आराखड्याची प्रतिकृती नव्हे. तो तुकड्यांत ओतून जोडलेला आहे.