स्लेटचे पापुद्रे म्हणजे गाळाचे थर नव्हेत

स्लेटचा दगड सपाट पापुद्र्यांत सुटतो, म्हणून "समुद्राच्या तळाशी गाळाचे जे थर बसले तेच हे" असं वर्षानुवर्षं फिरतंय, आणि ते चूक आहे.

मूळ दगड शेल, तो गाळाचाच, एवढं खरंय. पण डोंगर तयार होताना त्याला बाजूने प्रचंड दाब बसतो, तापमान साधारण 200 डिग्रीच्या वर जातं, मग चिकणमातीच्या कणांपासून अभ्रक, क्लोराइट अशी चपटी खनिजं तयार होतात आणि ती सगळी दाबाच्या दिशेला काटकोनात लागतात. दगड फुटतो तो ह्या नव्या प्रतलांवर, जुने थर कुठल्याही कोनात असोत. आणि हो, ह्यात काही वितळत नाही, सगळं घन अवस्थेतच होतं.

खात्री करायचीय? फुटलेल्या तुकड्याचा सपाट भाग नीट बघा, कधीकधी वेगळ्या रंगाचा किंवा जाडसर कणांचा पट्टा त्यावरून तिरका गेलेला दिसतो. खरा जुना थर तो! अशा दगडातले ट्रायलोबाइटचे (प्राचीन समुद्री प्राण्यांचे) जीवाश्मसुद्धा एका बाजूला दाबून वाकडे झालेले सापडतात, मला तर हा सगळ्यात भारी पुरावा वाटतो. हा फरक भूवैज्ञानिक ॲडम सेज्विकने 1835 मध्येच मांडला होता आणि 1853 मध्ये दुसऱ्या भूवैज्ञानिकाने, हेन्री सॉर्बीने, मायक्रोस्कोपखाली कण बघून दाबाचं कारण दाखवलं.

दाबाने दगडाच्या थरांना ज्या वळ्या पडतात त्यांच्या बाजूंवर मात्र जुने थर आणि नवी प्रतलं ह्यांच्या दिशा बऱ्याचदा जवळजवळ जुळतात, गैरसमज बहुतेक तिथूनच पसरत असावा. नाइस ह्या दुसऱ्या रूपांतरित खडकातले काळे-पांढरे पट्टेही गाळाचे थर वाटतात, पण ते बहुतेक वेळा जास्त उष्णतेत आणि ताणात खनिजं वेगळी होऊन बनतात.