आधी फ्लॅट, मग नळ: पुण्यातल्या पाणी-हमीपत्रामागचा इतिहास

पुण्याच्या उपनगरांत, विशेषतः नव्याने हद्दीत आलेल्या गावांत, गृहप्रकल्पाच्या फायलीत बिल्डरचं एक हमीपत्र लागतं. महापालिकेचं पाणी येईपर्यंत रहिवाशांना आपण पाणी पुरवू, असा त्याचा आशय. पुढे सोसायटी स्थापन होते आणि टँकरचं बिल गुपचूप मेंटेनन्समध्ये येऊन बसतं.

पेशवाईत क्रम सुलटा होता. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी भुयारी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणलं. गाळ काढता यावा म्हणून वाटेत उच्छ्वास, म्हणजे नळात उतरायच्या उभ्या विहिरी, ठेवले. पेठांमधले हौद या पाण्यावर भरत आणि शहर त्यांच्याभोवती वाढलं.

इंग्रजांनी १८७९ मध्ये खडकवासला धरण पुरं केलं, ते लष्कर आणि शेतीसाठी. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, खडकवासलाही गेलं. दोन्ही पुन्हा उभी राहिली, वरसगाव आणि टेमघरची भर पडली. आज चार धरणांची क्षमता सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. पण ते सगळं पाणी पुण्याचं नाही. खाली दौंड-इंदापूरची शेती याच धरणांच्या कालव्यावर आहे. शहराचा करार कित्येक वर्षं साडेअकरा टीएमसीचा होता आणि उचल त्याहून कितीतरी जास्त. खरी गोम इथे आहे: इमारतीचा नकाशा मंजूर करते महापालिका, धरणातलं पाणी मंजूर करतं जलसंपदा खातं. हजार फ्लॅट मंजूर झाले म्हणून कोटा वाढत नाही.

त्यात हद्दवाढ. १९९७ मध्ये ३८ गावं आली (त्यातली काही पुढे वगळली), २०१७ मध्ये ११, २०२१ मध्ये आणखी २३. सूस, म्हाळुंगे, मांजरी, वाघोली इथले टॉवर गावं हद्दीबाहेर असतानाच उभे राहिले होते. परवानगी आधी जिल्हाधिकाऱ्यांची, २०१५ नंतर पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची; पाणी ग्रामपंचायतीच्या विहिरीचं नाहीतर बोअरचं. काळ्या कातळात बोअर मार्चपर्यंत तग धरतो, तोही नशीब असेल तर.

दरडोई १३५ लिटरचं प्रमाण धरलं, तर चौघांच्या घराला दिवसाला ५४० लिटर लागतात. दोनशे फ्लॅटना रोज दहा हजार लिटरचे अकरा टँकर! हमीपत्रावर सही करताना हा हिशेब कुणी मांडत असेल, असं वाटत नाही.

२०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणीटंचाईमुळे बाणेर-बालेवाडीत नव्या बांधकाम परवानग्यांना मनाई केली, तेव्हा कुठे हा प्रश्न अंगाशी आला. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या भूखंडांना पर्जन्यजल संधारण आणि सांडपाण्याचा पुनर्वापर बंधनकारक आहे. चांगलंच आहे, पण त्यातून पिण्याच्या पाण्याचा प्रश्न सुटत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावर नांदेड, किरकटवाडी भागात गुलेन बॅरी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा बोट पाण्याकडे गेलं. खडकवासला धरण तिथून हाकेच्या अंतरावर. तरी या भागाला पाणी एका विहिरीतून, शुद्धीकरण प्रकल्पाशिवाय, नुसतं क्लोरीन घालून दिलं जात होतं. त्यानंतर महापालिकेने खासगी आरओ केंद्रं आणि टँकरचं पाणी तपासायला घेतलं.