हापूसची पेटी आणि भाताचा पेंढा

कोकणातल्या हापूसच्या पेटीचा खर्च मांडताना खत, फवारणी, गडी, ट्रकभाडं सगळं लिहिलं जातं आणि पेटीत फळांभोवती भरायचा भाताचा पेंढा ‘किरकोळ’मध्ये ढकलला जातो. पण त्याची टंचाई भाताच्या बाजारातून आली आहे आणि ती समजून घ्यायलाच हवी.

पेंढ्याला भाव आहे म्हणून कुणी भात लावत नाही. भात परवडलं तरच पेंढा मिळतो. जुनी उंच, गरवी (उशिरा तयार होणारी) वाणं तो भरपूर देत. 1960च्या दशकाअखेरीस जयासारखी बुटकी वाणं आली, दाणा वाढला, काड आखूड झालं. पुढे 1990मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि नाचणी-वरीच्या वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीवर आंबा-काजू उभा राहिला. नाचणीचं काड गेल्यावर गुरांच्या वैरणीचा भारही भातावरच पडला. त्यात मजुरी चढली, भाताचा भाव मागे राहिला, मळे पड पडू लागले. म्हणजे पेट्या वाढत गेल्या त्याच काळात पेंढा आटत गेला.

चौदा आणे (सोळा आण्यांतले, म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार फळ देठासकट झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, उतरवायचं, चीक सुकू द्यायचा, मग लाकडी पेटीच्या तळाला, दोन थरांमध्ये आणि वर पेंढा. तो धक्के झेलतो आणि पिकायला ऊब देतो. उडवी (पेंढ्याची रास) नीट न झाकल्याने दमट राहिलेला पेंढा वापरला, तर बुरशी धरते आणि फळ देठाकडून काळं पडतं. पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाचं कात्रण चालतं, पण थप्पी उंच गेली की तळची खोकी दबतात. पेंढ्याची बोली झोडणी होताच करावी. मार्चमध्ये तो गोठेवाल्याशी चढाओढ करून घ्यावा लागतो.

पेटीच्या भावाचा तळ कॅनिंग, म्हणजे आंब्याचा गर डबाबंद करणारे कारखाने, ठरवतं. पेंढा, पेटी, भाडं, हमाली, अडत वजा जाता वाशीच्या घाऊक बाजारात किलोमागे उरणारी रक्कम कॅनिंगच्या दराखाली गेली, की बारीक फळ क्रेटमधून कारखान्याला जातं. तिथे पेंढा लागत नाही, म्हणून पेंढा महागला की हे वळणही लवकर येतं. कॅनिंगचा दर मात्र रत्नागिरी-देवगडात ठरत नाही. आंध्रातल्या चित्तूर आणि तमिळनाडूतल्या कृष्णगिरीच्या तोतापुरी आंब्याचा पल्प (गर) स्वस्त पडतो आणि त्याचा दाब इथल्या दरावर येतो. शिवाय गेल्या हंगामाचे डबे गोदामात शिल्लक असले, तर कारखानदार मे महिन्यात हात आखडतो.