शिडाच्या जहाजांतून अटलांटिकपार स्थलांतर (इंग्लंड, एकोणिसावे शतक)

नेपोलियनशी चाललेली युद्धे १८१५ मध्ये संपली. तेव्हापासून १८६० च्या दशकात आगबोटींनी ही वाहतूक हाती घेईपर्यंत इंग्लंडमधील शेतमजूर, विणकर, खाणकामगार, कारागीर आणि छोटे शेतकरी शिडाच्या जहाजांनी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व कॅनडात जाऊन स्थायिक झाले. या प्रवासाच्या वर्णनांत वादळे आणि रोगराई पुढे येतात, ते साहजिकच आहे. पण उतारूंच्या वाट्याला जे आले त्याचे मूळ बरेचसे जहाजमालकांच्या हिशेबात सापडते.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापूस लिव्हरपूलला येई आणि कॅनडाकडच्या क्वेबेक व न्यू ब्रन्सविकमधील इमारती लाकूड ब्रिटिश बंदरांत उतरे. हा माल जागा खाणारा होता. त्याच्या बदल्यात इंग्लंडहून जाणारे कापड, लोखंडी सामान, भांडी यांना तेवढी जागा लागत नसे. ट्रकवाला जसे रिटर्न भाडे शोधतो तसे मालकाने माणसे शोधली. माल उतरला की डेकखालच्या मजल्यावर, म्हणजे स्टिअरेजमध्ये, कच्च्या फळ्यांचे दुमजली बाक ठोकले जात; पलीकडे पोचल्यावर ते मोडून पुन्हा लाकूड किंवा कापूस भरला जाई. साधारण सहा फूट लांब, सहा फूट रुंद बाकावर चार प्रौढ माणसे, म्हणजे एकाच्या वाट्याला दीड फूट. भाडे मात्र यामुळेच आवाक्यात राहिले. शतकाच्या मध्यास लिव्हरपूल ते न्यूयॉर्क स्टिअरेजचे तिकीट साधारण साडेतीन ते पाच पौंडांना मिळे.

तरीही ते सर्वांना परवडणारे नव्हते. १८३० मध्ये दक्षिण इंग्लंडात मजुरांचे दंगे उसळले. त्यानंतर ससेक्समध्ये पेटवर्थचे धर्मगुरू टॉमस सॉकेट यांनी अर्ल ऑफ एग्रेमाँट यांच्या पैशाच्या बळावर १८३२ ते १८३७ या काळात सुमारे १,८०० लोकांना पोर्ट्समथहून वरच्या कॅनडात (अपर कॅनडा, आजचे ऑन्टॅरियो) पाठवले. गावावर गरिबांच्या पोटगीचा भार होता. माणसे कायमची गेली तर तो हलका होईल, असा गावकारभाऱ्यांचा हिशेब होता. तिकडून आलेली पत्रे छापून वाटण्यात आली, म्हणजे मागे राहिलेल्यांनाही जावेसे वाटावे. स्टॅफर्डशरच्या कुंभारकामगारांनी यंत्रांच्या भीतीने १८४४ मध्ये स्वतःचा निधी उभारला आणि सोडत काढून निवडलेली कुटुंबे विस्कॉन्सिनला धाडली. तो प्रयोग काही वर्षांतच बुडाला. शिस्तीबद्दल सर्वाधिक नाव झाले ते अमेरिकेत उदयाला आलेल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या अनुयायांचे. त्यांची पहिली तुकडी, ४१ जणांची, जून १८४० मध्ये ‘ब्रिटानिया’ जहाजाने लिव्हरपूलहून निघाली. पुढे त्यांनी स्टिअरेजचे वॉर्ड पाडले, प्रत्येकावर प्रमुख नेमला आणि झाडलोट, प्रार्थना, स्वयंपाक यांच्या वेळा ठरवून दिल्या.

लिव्हरपूलच्या गोदीभोवती दलालांचा सुळसुळाट असे. नवखा माणूस दिसला की त्याची पेटी उचलून पळायचे, ठरलेल्या खाणावळीत नेऊन टाकायचे आणि दुप्पट दराने भांडीकुंडी गळ्यात मारायची. वैद्यकीय तपासणी ही एका खिडकीपुढची बाब होती: डॉक्टरने प्रकृती विचारायची, उतारूने जीभ दाखवायची, तिकिटावर शिक्का बसायचा. वाफेच्या टगने, म्हणजे ओढबोटीने, जहाज मर्सी नदीत ओढले की सर्वांना डेकवर बोलावून हजेरी घेत. तोवर खलाशी खाली दिवे आणि टोकदार काठ्या घेऊन पिंपे, गाठोडी व अंथरुणे ढोसत फिरत. फुकट जाण्यासाठी लपलेला कोणी सापडला तर टगमधूनच त्याची परत पाठवणी होई.

न्यूयॉर्कच्या ‘ब्लॅक बॉल’ कंपनीने जानेवारी १८१८ पासून जहाज भरो वा न भरो, ठरल्या तारखेला सोडण्याचा पायंडा पाडला होता. निघण्याची तारीख पक्की झाली, तरी पोचण्याची कोणालाच सांगता येत नसे. उत्तर अटलांटिकवर पश्चिमेचे वारे वाहतात. इंग्लंडहून जाणारे जहाज त्यांच्या तोंडावर, नागमोडी वाट काढत जाई. पाच-सहा आठवडे नेहमीचे, दहा-बारा आठवडेही अशक्य नव्हते. वादळात डेकवरची झापे बंद होत. मग खाली अंधार, बोट लागलेली माणसे, सांडलेली शौचपात्रे आणि सुटून इकडून तिकडे आदळणाऱ्या पेट्या. १८५२ च्या ब्रिटिश कायद्याने चौदा वर्षांवरील अविवाहित पुरुषांची सोय वेगळी करायला लावली. त्याआधी अनोळखी स्त्री-पुरुष शेजारी झोपत आणि कपडे न बदलता आठवडे काढत.

कागदावरचा शिधा वाचायला बरा वाटतो. १८४९ च्या कायद्याप्रमाणे प्रौढ उतारूस आठवड्याला अडीच पौंड बिस्किटे, १ पौंड गव्हाचे पीठ, ५ पौंड ओटची भरड, २ पौंड तांदूळ, अर्धा पौंड साखर, अर्धा पौंड काकवी, २ औंस चहा आणि रोज ३ क्वार्ट, म्हणजे सुमारे ३.४ लिटर पाणी मिळायचे होते. शिधा कच्चा मिळे. डेकवर दोन-तीन चुली आणि शेकडो कुटुंबे. ज्याच्या मनगटात जोर किंवा ज्याची आचाऱ्याशी ओळख त्याचे भांडे आधी चढे. व्हियर फॉस्टर हा सुखवस्तू समाजसेवक १८५० मध्ये मुद्दाम स्टिअरेजचे तिकीट काढून ‘वॉशिंग्टन’ जहाजाने न्यूयॉर्कला गेला. पाणी घ्यायला आलेल्यांना अधिकारी शिव्या देत, लाथा मारत, असे त्याने लिहून ठेवले. शिधा मिळत नसल्याचे पत्र तो कप्तानासाठी लिहीत होता, तेव्हा पहिल्या मेटने, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या मुख्य अधिकाऱ्याने, त्यालाच डेकवर आडवा केला. त्याची कैफियत १८५१ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे आली.

आग आणि टायफस (उवांमुळे पसरणारा जीवघेणा ताप) ही दोन भये कायमची. ‘ओशन मोनार्क’ हे बोस्टनला निघालेले जहाज २४ ऑगस्ट १८४८ रोजी लिव्हरपूल सोडल्यावर काही तासांतच वेल्सच्या किनाऱ्यासमोर पेटले. १७८ जण दगावले. १८४७ चा टायफस मुख्यतः दुष्काळातून सुटलेल्या आयरिश उतारूंवर कोसळला. क्वेबेकजवळच्या ग्रोस-ईल या विलगीकरण बेटावर हजारोंना पुरावे लागले. लिव्हरपूलहून सुटणाऱ्या जहाजांत इंग्लिश व आयरिश एकाच मजल्यावर असत, त्यामुळे रोगाने भेद केला नाही. उतरल्यावर मात्र फरक पडे. भाषा व धर्म बहुसंख्यांचाच असल्याने इंग्लिश माणूस लवकर मिसळून जाई. म्हणूनच १८५० च्या जनगणनेत संयुक्त संस्थानांत इंग्लंडमध्ये जन्मलेले सुमारे २,७८,००० लोक असूनही, ९,६१,००० आयरिशांच्या तुलनेत त्यांची चर्चा फारच थोडी झाली.

न्यूयॉर्कला दलालांचा दुसरा फेरा वाट पाहत असे. त्याला आळा बसला तो १ ऑगस्ट १८५५ रोजी ‘कॅसल गार्डन’ हे सरकारी उतारकेंद्र उघडल्यावर. तोवर विल्यम इनमन यांच्या कंपनीने स्टिअरेजचे उतारू आगबोटीतून न्यायला सुरुवात केली होती. या बोटींना वाऱ्याची मिजास सांभाळावी लागत नव्हती आणि पंधरवड्याच्या आत त्या पलीकडे पोचत. तिकीट महाग असले तरी महिनाभराची बुडालेली मजुरी वाचत होती, त्यामुळे १८६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक उतारू आगबोटीकडे वळले. शिडाची जहाजे कॅनडाचे लाकूड आणत राहिली. परतताना आता त्यांच्यात निव्वळ भार म्हणून दगडमाती भरलेली असे. ऑस्ट्रेलियाच्या लांब वाटेवर कोळसा पुरवणे अवघड होते, तिथे त्यांना आणखी काही वर्षे उतारू मिळत राहिले.