साताऱ्यातला टीव्ही गेम एम्युलेटरवर वेगाने का पळतो?

नव्वदच्या दशकात साताऱ्यात राजवाड्याच्या आसपासच्या दुकानांत सुट्टीच्या तोंडावर जे ‘टीव्ही गेम’ विकायला येत, ते बहुतेक निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉम या यंत्राच्या नकला असत. त्यांत बसवायच्या खोक्याला आपण ‘कॅसेट’ म्हणत असू, जरी आत फीत नसून मेमरी चिप असे. त्यातलाच एक खेळ अलीकडे मी संगणकावर एम्युलेटरमधून लावला, तेव्हा तो चांगलाच वेगवान भासला. प्रथम मी दोष स्वतःच्या वयाला दिला.

एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राचे वर्तन हुबेहूब वठवणारा प्रोग्राम. फॅमिकॉमचा प्रोसेसर जेमतेम १.७९ मेगाहर्ट्झचा आणि कामाची मेमरी २ किलोबाइट, त्यामुळे त्याच्या आज्ञा एकेक करून पार पाडणे आजच्या साध्या मोबाइललाही जड नाही. अवघड असते ते वेळेचे गणित. प्रोसेसरचा एक ठोका पडेपर्यंत चित्राची चिप ३ ठिपक्यांइतकी पुढे सरकते. अशा ३४१ ठिपक्यांची एक ओळ आणि २६२ ओळींचे एक चित्र होते. वरची गुणांची पट्टी स्थिर ठेवून खालची जमीन सरकवण्यासाठी कित्येक खेळ चित्र अर्धवट काढलेले असतानाच चिपच्या नोंदी बदलतात. एम्युलेटरने सगळे चित्र एकदमच रंगवले, तर ही करामत फसते. शिवाय काही कॅसेटमध्ये मेमरीचे कप्पे आलटूनपालटून पुढे करणारी वेगळी चिप असे. तिचीही नक्कल करावी लागते.

आता आपल्या टीव्हीचा प्रश्न. जपानी टीव्ही सेकंदाला सुमारे ६० वेळा पडदा रंगवत असे, तर आपल्याकडचा पाल (PAL) या प्रसारण पद्धतीचा टीव्ही ५० वेळा. पाल टीव्हीसाठी नकला बनवणाऱ्यांनी एक हुशारी केली: ठोक्याला ३ ठिपके हे प्रमाण त्यांनी तसेच राखले आणि चित्र पुरे झाल्यावर, पण खेळाला तशी सूचना मिळण्यापूर्वी, रिकाम्या ओळी वाढवून एकूण संख्या ३१२ केली. त्यामुळे जपानी कॅसेट जशीच्या तशी चाले. मात्र पात्राची चाल आणि सुरांची लांबी बहुतेक खेळांत चित्रांच्या संख्येवर मोजली जात असल्याने सारा खेळ एक षष्ठांशाने मंदावे, आणि ६० सेकंदांची धून ७२ सेकंद चाले. स्वराची उंची प्रोसेसरच्या गतीवर ठरते, आणि ती १.७७ मेगाहर्ट्झ, म्हणजे मूळच्या अगदी जवळ, असल्यामुळे आवाज घोगरा होत नसे. तुलनेला मूळ यंत्र कोणाच्याच घरी नव्हते, म्हणून हे लक्षातही आले नाही. एम्युलेटर मात्र मूळ जपानी गतीनेच खेळ चालवत होता, म्हणून तो वेगवान भासला.

मेसेन आणि एफसीईयूएक्स या एम्युलेटरांत यासाठी ‘डेन्डी’ नावाची सोय आहे. हे नाव रशियात खपलेल्या अशाच एका नकलेचे. ती निवडताच धून ओळखीच्या लयीत वाजू लागली. उड्या मात्र अजूनही चुकतात.