कोटा संपला, मग हा कॉड कुठला?

‘अमेरिकेतल्या अलास्कात कॉड माशाची मासेमारी बंद झाली म्हणे, मग तुमचा माल चालू कसा?’ दर हंगामात हा फोन येतोच. म्हणून उत्तर छापून मालासोबतच देत आहोत.

हंगामात किती मासा पकडायचा याची ठरलेली मर्यादा म्हणजे कोटा. तो संपत आला की बंदी लागते, ती मासा पकडण्यावर. आधी पकडलेला मासा विकायला मनाई नसते. तरीही गाडी दारात आली की बीजकावरची तारीख पाहिली जाते, ती बंदीनंतरची निघाली की लॉट अडवला जातो. मग फोनाफोनी, कागदांची शोधाशोध. तोवर गाडी उभी, भाडं चढतंय, आणि उणे १८ अंशांत राहायला हवा तो माल दार उघडं टाकून तपासला जातोय. बीजकाची तारीख म्हणजे आम्ही माल पाठवला तो दिवस, एवढंच. बोटीवरच गोठवलेला कॉड शीतगृहात महिनोन्महिने असतो. कृपया खोक्यावरच्या चिठ्ठीतला पकडल्याचा काळ आणि क्षेत्र बघा.

तारीखही एकटी पुरत नाही. अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रात कॉडचा कोटा बोटींच्या प्रकारानुसार वाटलेला असतो. ट्रॉलरचा, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या बोटींचा, वाटा संपला तरी सापळे लावणाऱ्या किंवा गळाच्या बोटी चालू असू शकतात. ‘कॉड बंद’ एवढीच बातमी वाचून काही कळत नाही. कुठल्या पाण्यात आणि कुठल्या बोटींना बंद, ते बघावं लागतं. वेळेचीही गंमत आहे: तिथल्या बंदीचा आदेश बहुतेकदा तिथल्या दुपारी १२ पासून लागू होतो, म्हणजे त्या दिवशी सकाळी पकडलेला मासा नियमातलाच.

बंदीनंतर पकडलेला मासा म्हणजे चोरीचाच, असंही नाही. कोटा पुरता संपायच्या आतच फक्त कॉडच्या मागे जाणं थांबवतात. दुसऱ्या माशांसोबत जाळ्यात येणाऱ्या कॉडसाठी थोडा कोटा राखलेला असतो, आणि असा कॉड ठरलेल्या प्रमाणात बोटीवर ठेवता येतो. एकूण मर्यादाच गाठली, तर मात्र जाळ्यात आलेला कॉडही समुद्रात परत टाकावा लागतो. त्या काळात पकडलेला कॉड कोणी देऊ केला, तर जरूर अडवा. आम्ही तो घेत नाही.

बंदी जवळ आली की आम्ही भाव चढवतो, अशी तक्रार कानावर येते. आमच्याही खरेदीचा भाव तेव्हा चढतो, हे कोणी विचारात घेत नाही. शिवाय बंदीची तारीख आधी ठरलेली नसते. बोटींच्या नोंदींवरून अंदाज बांधून ती जाहीर होते. म्हणून चालू हंगामात किती माल मिळेल ते आम्ही छातीठोकपणे सांगत नाही. हॅलिबट या दुसऱ्या माशाचं गणित वेगळं. तिथे १९९५ पासून कोटा मालकांच्या नावे वाटलेला आहे. पूर्वी दोन-चार दिवसांत उरकणारी झुंबड आता महिनोन्महिने चालते, त्यामुळे त्याचा पुरवठा सांगणं सोपं जातं.

माल कापून युरोपला पाठवणाऱ्यांना एक विनंती. तिथे २०१० पासून पकड-प्रमाणपत्र, म्हणजे मासा नियमानुसार पकडल्याचा दाखला, लागतं. दोन लॉट एकाच टेबलावर मिसळले, की कोणता तुकडा कोणत्या प्रमाणपत्रातला हे आम्हीही सांगू शकत नाही. लॉट वेगळे ठेवा, चिठ्ठ्या फेकू नका.

प्रत्येक लॉटचे कागद आमच्याकडे जपून ठेवलेले असतात. गाडी निघण्याआधी मागितलेत तर तेव्हाच पाठवतो. नेहमीच्या ग्राहकांनी हंगाम सुरू होण्याआधी मागणी कळवली, तर शीतगृहात त्यांच्या नावाने माल राखून ठेवतो. त्यासाठी वेगळे पैसे नाहीत.