आरोग्याचा सगळा पैसा दिल्लीचा? नाही हो!
"सरकारी दवाखाना केंद्राच्या पैशावर चालतो, राज्य फक्त वाटप करतं" हे वर्षानुवर्षं फिरतंय आणि ते चूक आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत आहे, म्हणजे मुख्य जबाबदारी राज्याचीच, पीएचसीतल्या (प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या) कायम डॉक्टरांचे पगारही राज्याच्या बजेटमधून जातात. राष्ट्रीय आरोग्य अभियानातसुद्धा महाराष्ट्रासाठी केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के असा हिशोब आहे, ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांना मात्र ९०:१०, ते योग्यच आहे. आणि आशाताईंच्या मानधनात राज्य स्वतःची वेगळी भर घालतं, त्यामुळे ते थकलं तर दरवेळी दिल्लीकडे बोट दाखवू नका, आपल्या आमदारालाही विचारा की राज्याचा हिस्सा वेळेवर सुटला का, बजेटवर मतदान तेच करतात.